बटण दाबणारे आणि साक्ष देणारे

हल्ली समीक्षेच्या बाजारात एक नवं नाणं फिरतंय. प्रेक्षक म्हणे आता नुसता बघत बसत नाही, तो कथा घडवतो. सिनेमा मध्येच थांबतो, पडद्यावर दोन वाटा येतात, बघणारा बटण दाबून एक वाट निवडतो आणि गोष्ट त्या वाटेनं पुढं जाते. दिग्दर्शकाची हुकूमशाही संपली, प्रेक्षकाची लोकशाही आली, असं शहरातले जाणकार सांगताहेत.

आपण गावकुसाबाहेरची माणसं. लोकशाही कुणी फुकटात वाटायला निघाला की आपल्याला आधी शंका येते. नाणं वाजवून घ्यावं, असं आपली म्हातारी माणसं सांगायची. तेव्हा हेही नाणं वाजवून बघू.

एक

१९६७ साली कॅनडातल्या माँट्रियल शहरात जागतिक प्रदर्शन भरलं होतं. तिथं चेकोस्लोव्हाकियाच्या दालनात रादुझ चिन्चेरा नावाच्या माणसानं 'किनोऑटोमॅट' नावाचा खेळ मांडला. सिनेमाचं नाव होतं 'एक माणूस आणि त्याचं घर'. १२७ खुर्च्या. दर खुर्चीला दोन बटणं, एक हिरवं, एक लाल. ठरल्या जागी सिनेमा थांबायचा. पडद्यावरचा नट जिता-जागता रंगमंचावर यायचा आणि विचारायचा, आता मी काय करू? शेजारची बाई नुसत्या टॉवेलावर दाराबाहेर अडकली आहे, तिला घरात घेऊ का नको? लोक बटणं दाबायचे, मतं मोजली जायची, बहुमतानं पुढचा तुकडा लागायचा. जगातला हा पहिला असा सिनेमा मानतात.

पण त्यातली खरी गोम ऐका. सिनेमाच्या सुरुवातीलाच घर जळताना दाखवलेलं असायचं. तुम्ही हिरवं दाबा नाहीतर लाल दाबा, शेवटी घर जळायचंच. दोन्ही वाटा थोडं अंतर वेगळ्या जाऊन पुन्हा एकाच वळणावर यायच्या. लोक मात्र आपणच हे ठरवलं म्हणून खूश. चिन्चेराला ते ठाऊक होतं. असल्या मतदानाचीच तो टिंगल करत होता. त्याला मानलं पाहिजे.

पुढं २८ डिसेंबर २०१८ ला नेटफ्लिक्सनं 'ब्लॅक मिरर: बँडरस्नॅच' आणला. १९८४ सालचा एक पोरगा कॉम्प्युटरचा खेळ बनवतोय आणि हळूहळू त्याच्या ध्यानात येतं की आपल्याला दुसरंच कुणीतरी हलवतंय. बघणाऱ्याला पहिला प्रश्न काय, तर न्याहारीला त्यानं दोनपैकी कोणत्या खोक्यातलं खायचं. निवडायला दहा सेकंद. तुम्ही काहीच दाबलं नाही तर यंत्र आपलं आपण निवडून मोकळं. मे २०२५ मध्ये कंपनीनं तो सिनेमाच आपल्या यादीतून काढून टाकला. तो काढायचा का ठेवायचा, ह्याला मात्र बटण नव्हतं.

आता सरळ प्रश्न. त्या दोन वाटा आखल्या कुणी? तिसरी वाट मागायची सोय आहे का? आणि ही सगळी गोष्टच खोटी आहे, बंद करा, असं म्हणायचं बटण कोणत्या खुर्चीला आहे?

दोन

बघणारा-ऐकणारा गोष्ट घडवतो, हे आपल्याला नवं नाही. आजी गोष्ट सांगते तेव्हा पोरानं हुंकारा द्यायचा असतो. हुंकारा थांबला की आजी थांबते. झोपलास का रं, म्हणते. ऐकणाऱ्यावाचून गोष्ट पुढं जात नाही, हे आपल्या घराघरात ठाऊक आहे. तुळजापूरची भवानी आणि नळदुर्ग-अणदूरचा खंडोबा ज्या मुलखात आहेत, तिथं गोंधळ आणि जागरण रात्र-रात्र चालतं. गोंधळी आख्यान लावतो, साथीदार मध्येच भोळा होऊन शंका काढतो. ती शंका समोर बसलेल्या माणसाचीच असते. संबळ थांबतं, उत्तर मिळतं, संबळ परत चालू होतं.

म्हणून काही मंडळी लगेच सांगतील की बघा, आपली लोककला पहिल्यापासून लोकशाहीवादी होती. थांबा. हुंकारा कोण देत होता आणि कुठून देत होता, ते बी बघा की. अंगणात घोंगडीवर बसून दिलेला हुंकारा आणि लांब उकिरड्याजवळ उभं राहून दिलेला हुंकारा एक नव्हता. लांबून दिलेला गोंधळ्याच्या कानापर्यंत जात नव्हता. गोष्ट त्याच्यासाठी थांबत नव्हती.

तमाशा घ्या. महार, मांग, कोल्हाटी माणसांनी अंगावर वाहिलेली ही कला. प्रेक्षक फर्माईश करतो, दौलतजादा करतो, नि फडाला ती लावणी घ्यावी लागते. वग चालू असताना सोंगाड्या समोरच्या पुढाऱ्याला टोमणा मारतो, पुढारी हसतो, खेळ वळण घेतो. आजच्या भाषेत हा परस्परसंवादी खेळच झाला. पण बटण कशाचं होतं? पैशाचं. ज्याच्या खिशात रुपया त्याच्या हातात गोष्ट. पाटील नोट धरून उभा राहिला की नाचणारी बाई त्या टोकाला जायची. ती नोट ती नाकारू शकत होती का? तिच्या बाजूला कोणतं बटण होतं? प्रेक्षकाच्या स्वातंत्र्याचे गोडवे गाणाऱ्यांनी एकदा त्या बाईच्या जागेवरून खेळ बघावा. बघणाऱ्याची मर्जी वाढली म्हणून खेळणाऱ्याची गुलामी कमी होत नाही. पुष्कळदा उलटच होतं.

तीन

प्रस्थापित समीक्षक प्रेक्षकाचा विषय निघाला की भरताच्या नाट्यशास्त्राकडं जातात. रसिक हवा, सहृदय हवा, मग रस निष्पन्न होतो. चला, आपणही तिथंच जाऊ. पण पहिल्या अध्यायातली गोष्ट हे लोक सांगत नाहीत, ती आपण सांगू.

शूद्रांना वेद ऐकायला बंदी, म्हणून सर्व वर्णांसाठी पाचवा वेद म्हणून नाट्य निर्माण केलं, असं तिथं म्हटलं आहे. पहिला प्रयोग झाला इंद्राच्या ध्वजमहोत्सवात. विषय काय? देवांनी दैत्यांना कसं हरवलं. प्रेक्षकांत दैत्यही बसले होते. आपलाच पराभव मौजेनं दाखवलेला बघून ते बिथरले. आम्हाला असलं नाट्य नको, म्हणाले आणि त्यांनी नटांची वाणी, हालचाल, स्मरण गोठवून टाकलं. प्रयोग बंद पडला. मग इंद्रानं काय केलं? ध्वजाची काठी उपटली आणि त्या दैत्यांना झोडपून जर्जर केलं. म्हणून त्या काठीचं नावच पडलं जर्जर, आणि ती रंगभूमीवर पूजेला लागली.

मित्रांनो, ह्या देशातल्या नाट्याच्या ग्रंथात पहिला जो प्रेक्षक गोष्टीत हात घालतो, तो हरलेल्या बाजूचा आहे. त्याला मिळते काठी. मागाहून ब्रह्मदेव येऊन त्याची समजूत घालतो, नाट्य सगळ्यांचंच आहे म्हणतो. आधी काठी, मग समजूत. ही रीत आपल्या चांगली ओळखीची आहे.

पुढच्या अध्यायात नाट्यगृह बांधायचे नियम आहेत. त्यात चार वर्णांचे चार खांब: ब्राह्मणाचा, क्षत्रियाचा, वैश्याचा, शूद्राचा. पाचव्याचा खांब नाही. आणि पाया घालताना कुणाकुणाला हुसकून लावायचं, त्या यादीत पाखंडी आहेत, भगवी काषाय वस्त्रं घातलेले आहेत, अपंग आहेत. काषाय वस्त्र तेव्हा कोण घालत होतं, हे बुद्धाच्या लेकरांना वेगळं सांगायला नको.

सांगायचा मुद्दा असा की 'प्रेक्षक' नावाचा एकच एक प्राणी कधीच नव्हता. सहृदय म्हणजे ज्याला त्या गोष्टीत मार पडत नाही तो. ज्याला मार पडतो त्याला रस येत नाही, राग येतो. आणि गोष्ट घडवायचा खरा अधिकार म्हणजे हा राग गोष्टीच्या आत शिरू देणं.

चार

हे काम पहिल्यांदा रीतसर केलं ते जलशांनी. आधी सत्यशोधकांचा जलसा, मग आंबेडकरी जलसा. नाशिककडच्या भीमराव कर्डकांचं नाव त्यात मोठं. जलशानं साचा तमाशाचाच घेतला, पण त्यातली देवस्तुती नि शृंगार पालटून टाकला. दौलतजादा गेला. नोटेचं बटण उपटून फेकलं. समोर बसलेला माणूस आता गिऱ्हाईक नव्हता, खेळातलं पात्र होता. मेलेली ढोरं ओढू नका, पोरं शाळेत घाला, असं एक पात्र दुसऱ्या पात्राला सांगायचं, आणि बसलेल्यांना कळायचं की हे आपल्यालाच चाललंय. वग रात्री संपला तरी गोष्ट संपत नसे. ती दुसऱ्या दिवशी सकाळी चालू व्हायची, पाटलाचं बोलावणं आल्यावर. जायचं का नाही जायचं? 'नाही' म्हणणाऱ्याचं घर जळू शकत होतं, त्याच्यावर बहिष्कार पडू शकत होता. तरी माणसं 'नाही' म्हणाली.

आपल्याच जिल्ह्यात, कसबे तडवळ्याला, २२ आणि २३ फेब्रुवारी १९४१ ला महार-मांग वतनदारांची परिषद भरली. बाबासाहेब आले. वतन म्हणजे तरी काय? आधीच लिहून ठेवलेली पटकथा. बापाचं काम लेकानं करायचं, लेकाचं नातवानं. तिच्यात बटणं दोनच: राबा नाहीतर उपाशी मरा. ही पटकथाच नको, असं म्हणायला माणूस शिकला, ही गेल्या शतकातली सगळ्यात मोठी प्रेक्षक-क्रांती म्हणा, हवं तर. ती कोणत्या यंत्रानं केली नाही.

हाच वारसा पडद्यावर आला तो आनंद पटवर्धनांच्या 'जय भीम कॉम्रेड'मध्ये. ११ जुलै १९९७ ला रमाबाईनगरात पोलिसांच्या गोळीबारात दहा माणसं मेली. पोलिसांची गोष्ट अशी की जमाव गॅसचे टँकर पेटवणार होता. गुंडेवार आयोगानं तो गोळीबार समर्थनीय नव्हता असं ठरवलं. चौदा वर्षं चित्रीकरण करून २०११ साली सिनेमा पुरा झाला आणि मुंबईच्या वस्त्यांमधून उघड्यावर दाखवला गेला. बघणारे तेच, पडद्यावर बोलणारे आणि गाणारेही तेच. एका सरकारी गोष्टीला वस्तीनं दिलेलं ते उत्तर होतं.

पाच

आता नागराज मंजुळेंचा 'फँड्री' घ्या. मंजुळे जेऊरचे, म्हणजे आपल्या परंड्याला लागून असलेल्या करमाळा तालुक्यातले. सिनेमा १४ फेब्रुवारी २०१४ ला लागला. फँड्री म्हणजे कैकाडी बोलीत डुक्कर. जब्याचं घर गावातली डुकरं पकडतंय, डुक्कर हाताशी आलंय, तेवढ्यात शाळेत राष्ट्रगीत सुरू होतं. जब्या थबकतो, सगळं घरदार ताठ उभं राहतं, आणि डुक्कर निघून जातं. खुर्चीतल्या माणसाला इथं प्रश्न पडतो: मी पण उभा राहू का? उभा राहिलो तर मी कोणाच्या बाजूला उभा राहिलो? बटण नाही, दहा सेकंदांची घंटी नाही, पण बघणारा कोंडीत सापडतो.

पुढं ३० नोव्हेंबर २०१६ ला सर्वोच्च न्यायालयानं चित्रपटगृहात राष्ट्रगीत सक्तीचं केलं. मग १४ फेब्रुवारी २०१७ ला खुलासा केला की सिनेमाच्या कथेतच राष्ट्रगीत आलं तर प्रेक्षकानं उभं राहायची गरज नाही. ९ जानेवारी २०१८ ला ती सक्तीही उठवली. 'फँड्री'तल्या त्या घराला कुणी खुलासा देत नाही. ते आपलं उभंच.

आणि शेवट. गावासमोर वरातीसारखी धिंड निघालेला जब्या दगड उचलतो. छळणाऱ्या पोरावर मारता मारता एक दगड थेट कॅमेऱ्याकडं येतो, आणि सिनेमा संपतो. तो दगड कुणाला लागला? ज्याला लागला त्यानं पुढची गोष्ट घडवायची आहे. काहीजण टाळ्या वाजवून उठले. म्हणजे दगड आपल्याला नाही, शेजारच्या खुर्चीला लागला, असं त्यांनी ठरवून टाकलं. आपलीही काही पोरं शिट्ट्या मारून आली, कारण त्यांना वाटलं दगड आपण मारला. दोघांनीही शेवट आपापल्या सोयीनं करून घेतला.

'सैराट'चं तेच. २९ एप्रिल २०१६. 'झिंगाट'वर अख्खं थिएटर नाचलं. त्या नाचात पाटलाचं पोर होतं, आपलंही होतं. मग शेवटी तान्हं पोर रक्तातून चालत बाहेर येतं, आवाज बंद. नाचणाऱ्यांपैकी कितीजण त्या वेळी आपल्या पायाकडं बघत होते? २०१८ साली हिंदीत त्याचा 'धडक' झाला, तर शेवट पालटला, पोरगी जगली, आणि जात अशी पुसट केली की शोधावी लागावी. बाजारानं दाबलेलं हे बटण. आणि आपल्याकडं काय उरलं? जयंतीच्या डीजेवर 'झिंगाट'. ते पावलांचे ठसे कुणी मिरवणुकीत काढत नाही.

सहा

ह्या सगळ्याचा निकाल सिनेमात लागत नाही. तो लागला खर्ड्यात.

भूम तालुक्याच्या शिवेपलीकडं जामखेड तालुक्यात खर्डा आहे. 'फँड्री' लागून पुरते अडीच महिनेही झाले नव्हते. २८ एप्रिल २०१४ ला तिथं एका शाळकरी दलित पोराचा खून झाला. वरच्या जातीतल्या मुलीशी बोलतो, हा राग. शाळेपासून मारत नेलं, अशी फिर्याद होती. प्रेत झाडाला लटकलेलं सापडलं. शाळा, रस्ता, दिवसाचा उजेड. बघणारे होते.

खटला उभा राहिला. अनेक साक्षीदार फितूर झाले. नोव्हेंबर २०१७ मध्ये तेव्हाच्या अहमदनगरच्या सत्र न्यायालयानं आरोपींना निर्दोष सोडलं. कोणी मारलं ह्याचं उत्तर कागदावर राहिलंच नाही.

साक्षी म्हणजे डोळ्यांनी बघणारा. शब्दाचा अर्थच तो. प्रेक्षक कथा घडवतो म्हणता ना? ही बघा घडवलेली कथा. बघणारे पिंजऱ्यात उभे राहिले, न्यायालयानं विचारलं, काय बघितलंत? आणि गोष्टीचा शेवट बदलला. इथं दोनच वाटा होत्या, बघितलं आणि नाही बघितलं. इथं मात्र ज्याला-त्याला आपल्या निवडीची किंमत ठाऊक होती.

कुणी म्हणेल, साक्षीदार गरीब असतो, भितो, त्याला दोष देऊन काय? खरं आहे. ज्याच्या रानात मजुरीला जायचं, ज्याच्या विहिरीवरून पाणी आणायचं, त्याच्याविरुद्ध बोलायचं म्हणजे पोटावर धोंडा. म्हणूनच तर आपल्या लोकांच्या लढ्यानंतर अ‍ॅट्रॉसिटी कायद्यात २०१५ ची दुरुस्ती झाली, तिच्यात साक्षीदारांच्या हक्कांचं वेगळं प्रकरण आलं, २६ जानेवारी २०१६ पासून ते लागू झालं. पण कायद्याचं प्रकरण गावात चालत येत नाही. ते आणावं लागतं. आणि फितूर होणारा प्रत्येकजण भुकेनंच फितूर होतो असंही नाही. पोटभर जेवलेलेही पुष्कळ फितूर होतात.

हाच बटणवाल्या सिनेमातला नि खऱ्या बघण्यातला फरक. बटण दाबणाऱ्याला काही मोजावं लागत नाही. चुकलं तर परत मागं जाता येतं. नायक मेला तर पुन्हा जिवंत करता येतो. खर्ड्याचं पोर मागं जाऊन जिवंत करता येत नाही. ज्या निवडीला किंमत नाही ती निवड नव्हे, करमणूक आहे. करमणूक वाईट नाही. पण तिला लोकशाही म्हणू नका.

सात

मग हे नवं तंत्र आपण टाकून द्यायचं का? मुळीच नाही. तमाशाचा साचा घेऊन जलसा झाला, तसं ह्याचंही होऊ शकतं. आज तुळजापूर, उमरगा, कळंब, परंडा, कुठंही आपल्या पोरांच्या हातात मोबाइल आहे, ती त्यावर सिनेमे काढताहेत. त्यांना आणि त्यांच्या समीक्षकांना तीन गोष्टी विचाराव्याशा वाटतात.

पहिली: वाटा कोणी आखल्या? वस्तीतल्या बायांना, पोतराजाच्या पोराला, ऊसतोडीला जाणाऱ्या जोडप्याला विचारून आखल्या, का शहरातल्या खोलीत बसून? दुसरी: निवडीची किंमत कोण मोजतो? बघणारा नामानिराळा राहतो, का त्याच्या निवडीचा काटा त्यालाही टोचतो? तिसरी: खेळ संपल्यावर काय? दिवे लागल्यावर वस्तीत बोलणं सुरू होतं, का सगळे वडापाव खाऊन घरी?

असा एक सिनेमा काढा, की जो मध्ये थांबेल तेव्हा नायकानं काय करावं हे विचारणार नाही. नायक आधीच मेलेला असेल. सिनेमा थांबेल गावच्या पारावर, शाळेच्या फाटकात, हॉटेलाच्या बाकड्यावर, जिथं जिथं माणसं बसून बघत होती तिथं. आणि पडदा विचारेल: तू तिथं होतास. काय बघितलंस? उत्तर द्यायला दहा सेकंद देऊ नका. जेवढा वेळ खटला चालतो तेवढा द्या. कुणी बोलत नसेल तर यंत्रानं आपलं आपण पुढं जाऊ नये. पडदा तसाच उजळ राहू द्या, लोकांना एकमेकांची तोंडं दिसतील इतपत.

समीक्षेनंही तेच करावं. कोणता सिनेमा किती वाटांचा, किती शेवटांचा, ही मोजदाद शहरातल्या मंडळींना करू द्या. आपण एवढंच बघू, की तो बघून आलेला माणूस उद्या पोलीस पाटलासमोर, तहसीलदारासमोर, न्यायालयाच्या पिंजऱ्यात उभा राहिला तर खरं बोलेल का. हो म्हणता येत असेल तर त्या सिनेमाला आपला हुंकारा. नसेल, तर हिरवं दाबा, लाल दाबा, घर जळायचंच. आणि ते घर कुणाचं असतं, हे आपण पिढ्यानपिढ्या बघत आलोय.